आकाशातला आरसा आणि वडिलांची रात्रपाळी

जुन्नर तालुक्यातल्या एका गावचे, सध्या पुण्यात आयटीत नोकरी करणारे ३६ वर्षांचे एक वाचक लिहितात. गावी चार एकर शेती आहे: कांदा, सोयाबीन आणि अर्ध्या एकरात ड्रॅगन फ्रूट. जुन्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, पण शेतीची थ्री फेज लाईट निम्मा आठवडा रात्रीची असते. त्यामुळे ६६ वर्षांचे वडील रात्री बारा-एकला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जातात. शेजारी ऊस आहे आणि उसात बिबट्या. गेल्या हिवाळ्यात बॅटरीच्या झोतात बांधावर दोन डोळे चमकले. वडील घरी येऊन काही बोलले नाहीत, मुलाला आईकडून चार दिवसांनी कळलं. दुसऱ्या गटातल्या नव्या विहिरीसाठी सौर पंपाचा अर्ज मंजूर झाला आहे आणि दहा टक्के हिस्सा भरायचा आहे. अशात मित्राने एका अमेरिकी कंपनीचा व्हिडिओ दाखवला. उपग्रहावर आरसा बसवून रात्री हव्या त्या जागी ऊन पाडणार म्हणे! वाचकांना वाटतं, थोडं थांबावं, पॅनल रात्रीही चालतील, शेतात उजेड राहील, बिबट्या येणार नाही; गावाने मिळून अशा सेवेची मागणीच नोंदवावी. पत्नी म्हणते हा वेडेपणा आहे. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "मग आजोबा मला कृत्तिका कुठे दाखवणार?" त्यांचा प्रश्न: "ताई, थांबू की पैसे भरू? आणि मी काही चुकीचं मागतोय का?"

आधी पैशांचं सांगते, कारण त्याला मुदत आहे. हिस्सा भरून टाका. आरशाची वाट पाहू नका. का, ते नीट सांगायला हवं. नुसतं "थांबू नका" म्हटलं तर तो व्हिडिओ तुमच्या डोक्यातून जायचा नाही. शिवाय रात्री पाण्याला जाणारं माणूस ज्यांच्या ज्यांच्या घरात आहे, त्या सगळ्यांना तो व्हिडिओ असाच भुरळ घालणार आहे.

तुमच्या पत्नीला माझ्याकडून एवढं सांगा, की हा वेडेपणा नाही. अवकाशात आरसा टांगून रात्री जमिनीवर उजेड पाडायचा, ही कल्पना शंभर वर्षांची आहे. रॉकेटविद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, हेर्मान ओबेर्थ, यांनी १९२०च्या दशकातच ती मांडली होती. आणि एकदा ती खरोखर करूनही पाहिली गेली. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी रशियाच्या मीर अंतराळ स्थानकापासून प्रोग्रेस नावाचं मालवाहू यान सुटं झालं. त्याच्या तोंडाशी एक पडदा गुंडाळून ठेवलेला होता. प्लॅस्टिकचा, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा. गरगर फिरवल्यावर त्या वेगानेच त्याच्या आठ पाकळ्या उलगडल्या आणि २० मीटर व्यासाचा आरसा तयार झाला. नाव 'झ्नाम्या', म्हणजे निशाण. साधारण पाच किलोमीटर रुंदीचा उजेडाचा ठिपका दक्षिण फ्रान्सपासून पश्चिम रशियापर्यंत सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने धावत गेला. त्या पहाटे युरोपवर ढग होते. काहींना क्षणभर लखलखाट दिसला, बहुतेकांना काहीच नाही.

हे करणाऱ्या अभियंत्याचं नाव व्लादिमीर सिरोम्यातनिकोव्ह. दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडण्याची यंत्रणा घडवणारा मोठा माणूस. सैबेरियात उत्तरेकडे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. तिथल्या गावांना उजेड द्यायचा, शेतीच्या हंगामात कामाचा दिवस लांबवायचा, हे त्या प्रकल्पाचं स्वप्न होतं. तुमच्या मनात जे आलं ते त्यांच्याही मनात आलं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये २५ मीटरचा दुसरा आरसा उघडायला घेतला, तो यानाच्याच अँटेनात अडकला आणि फाटला. तिथे ते काम थांबलं. २०१८ मध्ये चीनमधल्या छंगदू शहरातून '२०२० पर्यंत कृत्रिम चंद्र सोडू' अशी घोषणा झाली, तो चंद्र उगवला नाही.

तुमच्या मित्राने दाखवली ती कंपनी बहुधा कॅलिफोर्नियातली रिफ्लेक्ट ऑर्बिटल असावी. २०२१ मध्ये सुरू झालेली. १८ मीटर लांब-रुंद आरशाचा पहिला उपग्रह २०२६ मध्ये सोडायचा आणि २०३० पर्यंत चार हजारांवर न्यायचे, असा त्यांचा बेत आहे. माणसं गंभीर आहेत, पैसाही उभा राहिलाय. म्हणून "होणारच नाही" असं मी म्हणत नाही. झालं तरी तुमच्या शेतात काय पडेल, एवढंच आपण पाहू.

यासाठी येत्या रविवारी मुलीला घेऊन एक प्रयोग करा. दाढीचा छोटा आरसा घ्या. त्यावर कागद चिकटवा आणि मधे इंचभर चौकोनी भोक ठेवा. सकाळच्या उन्हात आधी जवळच्या भिंतीवर कवडसा पाडा. तो चौकोनी दिसेल. मग मागे सरका. अंगण ओलांडा, रस्ता ओलांडा, कवडसा देवळाच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. चौकोन गेलेला असेल, भिंतीवर गोल असेल. मोठा, फिकट, कडा विरघळलेला. मुलीला सांगा, हा आरशाचा आकार नाही, हा सूर्याचा आकार आहे. सूर्य आपल्याला ठिपका वाटतो, पण आकाशात तो अर्धा अंश रुंदीची थाळी आहे. थाळीच्या प्रत्येक कडेहून येणारा किरण आरशावरून थोड्या वेगळ्या दिशेने जातो. त्यामुळे दर शंभर फुटांमागे कवडसा जवळजवळ एक फूट पसरतो. आरसा गुळगुळीत केला, वक्र केला, अगदी अचूक रोखला, तरी हे पसरणं थांबत नाही.

आता तोच आरसा ६२५ किलोमीटर उंच न्या. कवडसा होतो जवळपास सहा किलोमीटर रुंद. म्हणजे २६ चौरस किलोमीटर. आपल्या मापात साडेसहा हजार एकर! तुमचे चार एकर उजळायचे तर साडेसहा हजार एकर उजळल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमचं गाव, ओढ्यापलीकडची वाडी, शेजारचं गाव, डोंगराचा उतार, सगळं त्यात आलं. हे कंपनीचं तंत्र कच्चं आहे म्हणून नाही, सूर्य तेवढा रुंद आहे म्हणून.

आणि उजेड किती? ३२४ चौरस मीटर आरशावरचं ऊन अडीच कोटी चौरस मीटरहून जास्त जमिनीवर पसरलं. वाट्याला येतो भर दुपारच्या उन्हाचा ऐंशी हजारावा हिस्सा. सगळं मनासारखं जुळून आलं, हवा स्वच्छ, उपग्रह डोक्यावर, तर चार-पाच पौर्णिमांइतकं चांदणं. चांदणं म्हणून ते डोळ्यांत भरेल. पण तुमच्या गावातल्या विजेच्या खांबाखाली याहून कितीतरी जास्त उजेड असतो.

पॅनलचा हिशेब यातच आला. पाच एचपीच्या मोटरला दुपारी लागतं तेवढं ऊन रात्री द्यायचं तर असे ऐंशी हजार आरसे एकाच वेळी तुमच्या शिवारावर रोखायला हवेत. आरसे तिप्पट रुंद केले तरी नऊ हजारांच्या आसपास. कंपनीचा २०३० पर्यंतचा बेत साऱ्या पृथ्वीसाठी मिळून चार हजारांचा आहे. थोडक्यात, सौर पॅनल दिवसाच चालणार. त्याने तुमचं काही अडत नाही, कारण तुम्हाला मोटर दिवसाच चालवायची आहे. रात्री चालवायची हौस तुमच्या घरात कुणाला आहे?

आता वेळ. खालून पाहिलं तर असा उपग्रह एखाद्या जागेवर तीन-चार मिनिटंच उजेड धरून ठेवू शकतो, मग तो पुढे निघून जातो. तासभर उजेड हवा तर एकामागून एक पंधरा-वीस उपग्रह हवेत. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आरशाला स्वतःला ऊन मिळालं तर तो ते खाली पाठवणार ना! मध्यरात्री आपल्या डोक्यावरचं तेवढ्या उंचीवरचं आकाश पृथ्वीच्याच सावलीत बुडालेलं असतं. आपल्याकडे सूर्यास्तानंतर दीड-दोन तास आणि पहाटे उजाडण्याआधी तेवढाच वेळ त्या उंचीवर ऊन पोचतं. तुमचे वडील दारं धरतात बाराला, एकला, दोनला. नेमक्या त्या वेळी तो आरसा काळोखात असेल. आणखी उंच नेला तर मध्यरात्रीही ऊन मिळेल, पण मग कवडसा आणखी पसरेल. दूरदर्शनचे उपग्रह असतात त्या ३६,००० किलोमीटर उंचीवर नेलात तर एका आरशाचा ठिपका तीनशे किलोमीटरहून रुंद होईल. पुण्यावर रोखलेला उजेड नाशिकपाशी जाऊन टेकेल, आणि इतका फिका की कुणाला जाणवणारही नाही.

आकडे बाजूला ठेवून एक विचारते. पौर्णिमेच्या रात्री तुम्ही वडिलांना निर्धास्त पाठवता का? गेल्या कोजागरीला रात्रीची लाईट असती, तर आईने "आज चांदणं आहे, जाऊ दे त्यांना एकटे" असं म्हटलं असतं का? मला नाही वाटत. ऊस आठ-दहा फूट उंच झाला की चांदणं वरच्या पात्यांवर राहतं, खाली सरीत काळोखच असतो. बिबट्याला तो पुरतो. म्हणजे अंधार गेला की भीती जाईल, हे गृहीतच जरा तपासून पाहायला हवं. वडिलांच्या जिवाला घोर आहे तो अंधारामुळे नाही, लाईटच्या वेळापत्रकामुळे आहे. अंधार तर त्यांच्या लहानपणीही होता आणि तेव्हा मोट दिवसा चालायची.

मी हे शहरात बसून लिहिते आहे असं वाटू नये म्हणून सांगते. लहानपणी आजोळी मामाबरोबर एका रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले होते. जानेवारी होता. मामाने धोतर खोचलेलं, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात कंदील. कंदील त्याने बांधावर ठेवला आणि अंधारातच पुढे गेला. मी घाबरून हाक मारली तर म्हणाला, "कंदिलाकडं बघू नको, पाण्याचा आवाज ऐक." सारा, म्हणजे वाफा, भरत आला की पाण्याचा आवाज बदलतो, त्यावरून तो दार मोडायचा. एका साऱ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायला त्याला उजेड लागतच नव्हता. थंडीने त्याची बोटं मात्र इतकी आखडायची, की सकाळी चहाची बशी धरवत नसे. तो आजाराने गेला, बिबट्याने नाही. पण त्याच्या शरीराला झोपेची, उबेची गरज होती आणि ती कुणी पाहिली नाही, ही खंत मला आजही आहे. तुमच्या पत्रात मला तीच खंत दिसली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, 'मी काही चुकीचं मागतोय का?' बापाच्या वाटेवर उजेड मागणं चुकीचं कसं असेल? पण तो उजेड कुणाकुणाच्या अंगणात पडेल, हे विचारायला हवं आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुम्ही अर्ध्या एकरात ड्रॅगन फ्रूट लावलंय. बिगरहंगामी फुलं यावीत म्हणून खांबांवर तारा ओढून बल्ब लावले असतील. थंडीत रात्र मोठी होते, झाड फुलायचं थांबतं. तुम्ही रात्री काही तास बल्ब लावता आणि झाडाला वाटतं, रात्र लहानच आहे. झाड फसतं आणि कळ्या धरतं. म्हणजे रात्र किती लांब आहे हे झाड मोजत असतं, हे तुम्ही कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणता.

तुमच्याच बांधावरच्या सोयाबीनचं गणित नेमकं उलटं आहे. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलतं, शेंगा भरतं, पिवळं पडतं. रस्त्याच्या दिव्याखाली सोयाबीन असेल तर पाहा. बाकी शेत काढणीला येतं आणि दिव्याखालचा तेवढा पट्टा हिरवाच राहतो. शेवंतीही अशीच. तुमचे बल्ब तुमच्या अर्ध्या एकरात राहतात, बटण तुमच्या हातात आहे आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर तुम्ही दोन बल्ब काढू शकता. आकाशातल्या उजेडाला बांध कळत नाही. साडेसहा हजार एकरांत कुणाचं सोयाबीन असेल, कुणाची शेवंती, कुणाचं तान्हं मूल, कुणाची रात्रपाळी करून आलेली झोप. तुमच्या तालुक्याच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की भंडारदऱ्याकडे मे-जूनमध्ये झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. भोवती उजेड झाला की ती साद दिसत नाही.

चार मिनिटांच्या फिकट उजेडाने सोयाबीन बिघडेल असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. मला खटकतं ते दुसरंच. उजेड इतका कमी असेल की कुणाला त्रास होणार नाही, तर तो तुमच्या वडिलांच्याही उपयोगाचा नाही. आणि वडिलांना खरोखर दिसेल, रात्रभर पुरेल इतका वाढवला, तर तो साडेसहा हजार एकरांची रात्र घेऊन जाईल. या दोन्हींच्या मधे तुमच्या शेतापुरती अशी जागा मला कुठेच सापडली नाही. गावाने मिळून मागणी नोंदवावी असं तुम्ही म्हणता, पण पलीकडच्या गावाने 'नको' म्हटलं तर त्यांनी कुणाकडे जायचं? अमेरिकेत अशा उपग्रहाला जो परवाना घ्यावा लागतो, तो त्याच्या रेडिओ लहरींचा. खाली पडणाऱ्या उजेडाचा नाही. १९६७ च्या अंतराळ करारातही अशा उजेडाबद्दल काही म्हटलेलं नाही. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी हरकती घेतल्या आहेत आणि त्यांची चिंता मला रास्त वाटते. एवढा आरसा तोंड फिरवताना दुर्बिणीत शिरला, तर रात्रीचं निरीक्षण वाया जाईल. तुमच्याच तालुक्याजवळ गिरवलीला पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, मुलीला तिच्याबद्दल जरूर सांगा.

आरशाने ऊन आणणं मुळातच वाईट, असंही मी मानत नाही. नॉर्वेत र्‍युकान नावाचं गाव आहे, खोल दरीत. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे ऊन उतरतच नाही. १९२८ मध्ये तिथे रज्जुमार्ग बांधला, तो गावकऱ्यांना हिवाळ्यात वर जाऊन ऊन खाता यावं म्हणून. डोंगरावर आरसा बसवायची कल्पना १९१३ मध्येच निघाली होती. ती २०१३ मध्ये प्रत्यक्षात आली. गावाच्या साडेचारशे मीटर वर तीन आरसे बसवले, मिळून ५१ चौरस मीटर. चौकातल्या साधारण ६०० चौरस मीटरांवर ऊन पडलं आणि लोक खुर्च्या टाकून तिथे बसले. आरसा जवळ आहे, म्हणून कवडसा लहान आणि कडक आहे. गावाने आपसात वाद घालून तो बसवला. नको झाला तर डोंगर चढून झाकताही येईल. तुमच्या शेताला असाच उपाय हवा: जवळचा, तुमच्या हातातला.

तो मी सुचवते. यातलं काही तुम्हाला ठाऊक असेलही.

नव्या विहिरीचा हिस्सा भरा. चार एकरांना पाच एचपीचा पंप नियमात बसतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला आहे का, उसाची किंवा आंब्याची सावली दुपारनंतर पडते का, हे बसवणारा येईल त्या दिवशी रजा काढून स्वतः पाहा. फोनवरून नको.

जुन्या विहिरीवर आधीच जोडणी आहे, म्हणून तिची वाट वेगळी. ज्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरून, तुम्हाला लाईट येते, तो मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत घेतला आहे का, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारा. या योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करून शेतीचा फीडर दिवसा चालवतात. उपकेंद्राचं आणि फीडरचं नाव बिलावरून किंवा लाइनमनकडून कळेल. प्रकल्पाला जागा मिळत नसल्याने काम अडलं असेल, तर गावाची गायरान किंवा पडीक जमीन देता येते का, हा विषय ग्रामसभेत मांडा. गावाने मिळून मागणी करायचीच असेल तर ती ही करा. बिबट्याच्या तालुक्यांत दिवसा थ्री फेज द्या, ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. तुमच्यासारख्या अर्ज लिहिता येणाऱ्या, पाठपुरावा करता येणाऱ्या मुलाची तिथे गरज आहे.

हे होईपर्यंतचे दिवस काढायचे आहेत. मोबाइल स्टार्टर बसवला असेलच, पण मोटर घरून चालू झाली तरी दार मोडायला माणूस शेतात जातोच. म्हणून कांद्याला ठिबक किंवा तुषार करा आणि व्हॉल्व्ह बदलायला टायमर लावा. आणखी एक: नव्या विहिरीचं पाणी दिवसा छोट्या शेततळ्यात साठवता आलं, तर जुन्या शेतालाही दिवसाचं पाणी मिळेल. पाइपलाइनचा खर्च काढून पाहा, दोन गटांत अंतर फार नसेल तर तो झेपतो. आणि जावंच लागलं तर एकट्याने नाही. शेजाऱ्याशी बारी लावून दोघांनी जायचं, आज त्यांचं, उद्या आपलं. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या म्हणजे हात मोकळे राहतात. सापांसाठी गमबूट. मोबाइलवर मोठ्याने गाणी किंवा कीर्तन लावायचं आणि उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम टाळायचं. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, हे वनखात्याचे लोक कळवळून सांगतात. डोळे चमकल्याची ती रात्र वनरक्षकाला कळवली होती का? नसेल तर आता कळवा. नोंद असली तर पिंजऱ्याची आणि गस्तीची मागणी करता येते.

वडिलांनी ती गोष्ट तुम्हाला सांगितली नाही, याचं तुम्हाला लागलंय. मला वाटतं त्यांना भीती वाटली असेल ती वेगळीच. 'आता शेती बंद करा आणि पुण्याला चला' असं तुम्ही म्हणाल, ही. तुम्ही तसं याआधी कधी म्हणाला असाल तर या वेळी म्हणू नका. पॅनलचे कागद घेऊन जा, विहिरीवर त्यांच्या शेजारी बसा आणि पाइप कुठून न्यायचा ते त्यांना ठरवू द्या.

आणि एक काम मुलीसाठी. सौर पंप बसल्यावरची पहिली अमावास्या पाहून गावी मुक्कामाला जा. हिवाळ्यात अंधार पडून थोडा वेळ झाला की कृत्तिकांचा झुबका पूर्वेला चांगला वर आलेला असतो. अंगणातला दिवा मालवा, डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मुलीला आजोबांबरोबर मोजू द्या, कुणाला सहा दिसतात, कुणाला सात. त्या रात्री बारानंतर आजोबा अंथरुणात होते की नव्हते, ते मला कळवा.